उघडी मूठ, पन्नास लाखांची

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाला ‘अपयशातून यशाकडे’ असं भारदस्त नाव दिलंय. ती समितीची कृपा, माझा त्यात हात नाही. या नावाची भाषणं आपण सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात उन्हात बसून ऐकली आहेत आणि त्यात एडिसन हमखास असायचा. आज एडिसनला सुट्टी. आज बोलायचंय ते आपल्या बे एरियातल्याच, म्हणजे या सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या पट्ट्यातल्याच माणसाबद्दल, एन्व्हिडिया ही चिप बनवणारी कंपनी काढणाऱ्या जेन्सन ह्वांगबद्दल. तिचं नाव आता व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांनाही पाठ झालंय. इथे बसलेल्या निम्म्या घरांत तिचे शेअर आहेत आणि उरलेल्या निम्म्या घरांत ‘तेव्हा का नाही घेतले’ हे भांडण आहे.

त्याच्या लहानपणात फार रमत नाही, यूट्यूबवर सगळं आहे. १९६३ साली तैवानमध्ये जन्म, लहान वयात भावाबरोबर अमेरिकेत रवानगी, केंटकीतल्या एका निवासी शाळेत संडास धुणं, मग ओरेगनमध्ये डेनीज हॉटेलात भांडी घासणं. यावरून घरी मुलांना लेक्चर देऊ नका. त्यांना डिशवॉशर रिकामा करायला सांगितला तरी ती पॉकेटमनीची चौकशी करतात.

१९९३ साली ह्वांग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी एन्व्हिडिया काढली. बेत ठरायचे सॅन होजेत बेरीएसा रोडवरच्या डेनीजमध्ये. कॉफी एकदा घेतली की ती कितीही वेळा भरून मिळते, हा त्या जागेचा मोठा गुण. पहिली चिप १९९५ मध्ये आली, एनव्ही-१. संगणकावरच्या खेळातली त्रिमितीय चित्रं काढायची ती चिप. या मंडळींनी ती चित्रं चौकोनी वक्र तुकड्यांतून उभी करायची असं ठरवलं. युक्ती हुशारीची होती. पण मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी जो मार्ग निवडला तो त्रिकोणांचा, आणि खेळ बनवणारे सगळे त्याच वाटेने गेले. एनव्ही-१ महागही पडली आणि एकटीही पडली. दुकानदारी बसली.

आता खरा पेच ऐका. त्याच वेळी जपानच्या सेगा कंपनीने पुढच्या गेम कन्सोलची चिप बनवण्याचं काम एन्व्हिडियाला दिलेलं होतं. कंपनी जगत होती ती त्या पैशावर. काम पुरं करावं, तर सगळा वेळ त्या चुकीच्या चौकोनांत जाणार, आणि बाहेर येईपर्यंत त्रिकोणवाले कितीतरी पुढे गेलेले असणार. काम सोडावं, तर पैसे बंद आणि पगार बंद. आड आणि विहीर, दोन्ही तयार.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मी सांगतो. स्टेटस रिपोर्टमध्ये लालच्या, म्हणजे ‘काम बुडालं’च्या जागी ‘जरा अडचण आहे’चा पिवळा रंग लावून वेळ काढली असती. लालचा पिवळा कसा करायचा यात आपल्यातले काही जण तर डॉक्टरेट मिळवतील. लहानपणापासून कानावर एकच गोष्ट आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्वांगने मूठ उघडली. सेगाचे वरिष्ठ अधिकारी होते शोइचिरो इरिमाजिरी. मूळचे होंडामध्ये रेसिंगच्या मोटरसायकलींची इंजिनं डिझाइन करणारे, म्हणजे पक्के इंजिनियर. ह्वांगने त्यांना सांगितलं की आमचं तंत्र चुकलंय, या चिपने तुमचं भलं होणार नाही, तुम्ही दुसरी कंपनी शोधा. इथवर प्रामाणिकपणा झाला. प्रामाणिकपणा बरेच जण करतात आणि नंतर गुपचूप घरी जातात. हा गेला नाही. त्याने पुढे सांगितलं की काम होणार नसलं तरी पैसे मात्र द्या, नाहीतर आम्ही बुडालो. मागताना आपल्याला फार लाज वाटली होती, असं त्याने २०२३ मध्ये तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या पदवीदान भाषणात सांगितलंय.

आणि सेगाने पैसे दिले. पन्नास लाख डॉलर, गुंतवणूक म्हणून. त्यातून एन्व्हिडियाला सहा महिने मिळाले.

माझ्या मते सगळी गोष्ट या एका संभाषणात आहे. आपण ‘जिद्द’, ‘चिकाटी’ असले शब्द उधळतो, पण चिकाटी तर चौकोनांच्या बाबतीतही होती. उलट तीच नडत होती. कामाला आली ती दोन वाक्यं आणि त्यांचा क्रम. आधी समोरच्याच्या तोट्याचं सांगितलं, त्याला ते कळायच्या आत, आणि मग स्वतःच्या गरजेचं. क्रम उलटा असता तर इरिमाजिरींनी पाकीट खिशातच ठेवलं असतं.

पुढचे सहा महिने कसे गेले, हे ऐकून माझ्यासारख्या व्हेरिफिकेशनवाल्याच्या, म्हणजे चिप बरोबर चालते का ते तपासणाऱ्याच्या, पोटात गोळा येतो. आमच्या धंद्यात चिपचं टेप-आउट झालं, म्हणजे आराखडा कारखान्याकडे गेला, की नमुने फॅबमधून, म्हणजे त्या कारखान्यातून, परत येतात, लॅबमध्ये बग सापडतात, मग रीस्पिन, म्हणजे आराखडा सुधारून पुन्हा नमुने, पुन्हा वाट बघणं. प्रत्येक फेरीत महिने जातात. यांच्याकडे दुसऱ्या फेरीपुरता ना वेळ होता ना पैसा. म्हणून त्यांनी शिल्लक रकमेतला मोठा वाटा एका इम्युलेटरवर, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या यंत्रावर घातला, अजून जन्मालाच न आलेल्या चिपवर सॉफ्टवेअर चालवून बघितलं, एकेक चित्र उमटायची वाट बघत बसले, आणि नमुन्याची पायरी गाळून थेट उत्पादनाची ऑर्डर दिली. आज आमच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये कोणी असं सुचवलं तर त्याला पाणी देऊन बसवतील.

ऑगस्ट १९९७ मध्ये ती चिप बाजारात आली, रिव्हा-१२८. त्रिकोणवाली. चारेक महिन्यांत दहा लाख खपल्या. बाजारात उतरली तेव्हा कंपनीकडे जेमतेम एका महिन्याच्या पगाराचे पैसे उरले होते. ‘आपली कंपनी बंद पडायला तीस दिवस उरलेत’ हे वाक्य ह्वांग नंतर कित्येक वर्षं मीटिंगच्या सुरुवातीला म्हणायचा, ते उगाच नाही.

एक गोष्ट मात्र या कथेत पटकन उरकली जाते. शंभराच्या आसपास माणसं होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना काढलं होतं. रिव्हा आली तेव्हा उरले होते चाळीसेक. गेलेल्यांचं भाषण कुठल्या मेळाव्यात होत नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना ह्वांग म्हणाला की तुमच्या वाट्याला भरपूर यातना येवोत, त्यातून माणूस घडतो. असेलही. पण ज्याचं पान वाढून तयार आहे त्याने उपासाचं माहात्म्य सांगावं, हे मला जरा जड जातं.

पुढेही पडझड झालीच. २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपायी जवळपास वीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मोबाइल फोनच्या धंद्यात उतरले आणि तिथून माघार घेतली. २००६ साली कूडा आणलं, म्हणजे चित्रांच्या चिपवर इतर आकडेमोडही करता यावी यासाठीचं सॉफ्टवेअर, तेव्हा हा खर्च कशासाठी असं लोक बरीच वर्षं विचारत होते. त्याचं उत्तर मिळालं २०१२ मध्ये, टोरांटोच्या विद्यार्थ्यांनी खेळासाठी घेतात तसल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर आपलं चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे एआयचं जाळं, शिकवलं तेव्हा. बाकीचं तुमच्या ब्रोकरेज खात्यात दिसतंच.

आता आपल्याकडे येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यातले पहिले पंधरा-वीस दिवस आपली माणसं लपवण्यात घालवतात. ओळखीतले एक गृहस्थ रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर पडायचे आणि पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचे, का तर वरच्या मजल्यावरच्या वहिनींना कळू नये. गणपतीच्या आरतीला विचारलं तर म्हणाले, ‘मजेत, ऑफिसात जरा रीऑर्ग, फेररचना चालू आहे.’ त्यांच्या शेजारी टाळ वाजवत होता त्याच्या टीममध्ये नेमकी तसलीच जागा रिकामी होती. त्याला कळलं तोवर ती भरली होती.

दोष एकट्या त्यांचा नाही. आपण बातमी कशी घेतो ते बघा. तोंडाने ‘अरेरे’, आणि रात्री साडेनऊला ती कोथरूडला पोचलेली असते. मूठ उघडायची तर समोर इरिमाजिरी लागतो. तो आपल्यातल्या कुणाला तरी व्हावं लागेल.

आणि मागणाऱ्यांनो, ‘काही असेल तर बघा’ असं म्हणू नका. त्यावर कुणालाच काही बघता येत नाही. काम काय करता, किती वर्षं केलंय, किती दिवस उरलेत, कुठल्या कंपनीतल्या कुठल्या जागेसाठी रेफरल, म्हणजे आतल्या माणसाची शिफारस हवीय, ते एका दमात सांगा.

समितीची परवानगी काढलेली आहे. जेवणानंतर स्टेजच्या डावीकडच्या टेबलावर मी आणि चिपवाली, सॉफ्टवेअरवाली आणखी काही मंडळी बसणार आहोत. रेझ्युमे बरोबर नसेल तर तिथेच फोनवरून पाठवा. फक्त त्या टेबलाकडे कोण गेलं, याची कोथरूडला खबर द्यायची नाही.