क्लिकच्या आधीचं काम

(दृश्य : टेबलावर दोन कॅमेरे, लेन्स, चार्जरला लावलेल्या बॅटऱ्या. हात मेमरी कार्ड तपासतात.)

लग्न उद्याचं आहे, काम मात्र आजच सुरू झालंय. बॅटऱ्या चार्जिंगला लागल्यात, जुनी कार्डं रिकामी झालीत. आता दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवायची. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. पण दोन कॅमेऱ्यांनी काढलेले हजारो फोटो नंतर वेळेनुसार एका ओळीत लावायचे असतात. एक घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं, तर नवरी दारातून आत यायच्या आधीच पाहुणे टाळ्या वाजवताना दिसतात.

लग्नं, कुत्री-मांजरं, आणि कुणाला तरी सापडलेल्या नवलाच्या वस्तू. आमचे दिवस या तिघांत वाटलेले असतात. कामं वेगवेगळी दिसतात, अभ्यास एकच : आता पुढे काय होणार, ते आधी ओळखायचं.

डोळ्याला काही दिसलं आणि त्यावर बोट हललं, यात माणसाचा साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात हसू ओसरायला लागतं, पापणी खाली येते, कुत्रा मान फिरवतो. हसू दिसल्यावर बटण दाबणारा उशिराच पोचतो. हसू येणार आहे, हे कळायला हवं. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात तर फोटो निघतो त्याच क्षणी आतला आरसा वर उचलला जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, अंधार होतो. म्हणजे जो क्षण फोटोत आला, नेमका तोच फोटोग्राफरने पाहिलेला नसतो! आरसाच नसलेल्या बऱ्याच नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आता हा अंधार उरलेला नाही. बोटाचा उशीर मात्र होता तेवढाच आहे.

(दृश्य : रिकामा हॉल. एक जण मध्ये उभा राहून स्वतःचा हात खिडकीकडे, मग दिव्याकडे धरून बघतो.)

पाहुण्यांच्या कितीतरी आधी आम्ही हॉलमध्ये येतो, ते प्रकाश बघायला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा. छतातले पिवळे दिवे 3000 च्या आसपासचे. या दोन्हींच्या मध्ये कुणी उभं राहिलं की एक गाल निळसर, दुसरा पिवळा. आपला मेंदू हा फरक सांभाळून घेतो, म्हणून समोर बघताना तो जाणवत नाही. कॅमेरा सांभाळून घेत नाही. मग एक तर दिवे बंद करायला सांगायचे, नाहीतर फ्लॅशवर जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून त्याचा प्रकाश दिव्यांशी जुळवायचा. पुष्कळदा याहून सोपा उपाय असतो. तयार होणाऱ्या नवरीला आम्ही नुसतं म्हणतो, "ताई, जरा खिडकीकडे तोंड करून बसाल?" निम्मं काम तिथेच होतं.

काही एलईडी दिवे डोळ्याला स्थिर वाटतात, पण आत ते सतत लुकलुकत असतात. वेगवान इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोभर काळपट पट्टे उमटतात. म्हणून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून बघायचे. ते फोटो कुणी कधी बघणार नाही, पण ते न काढता लग्नाला उभं राहणं मला धाडसाचं वाटतं.

प्रकाशाइतकाच माणसांचा अभ्यास लागतो. घरातलं एखादं जाणतं माणूस गाठायचं आणि विचारायचं : कोण कुणाचं कोण? लांबून कोण येणार आहे? कोणाला फार वेळ उभं राहवत नाही? कोण एकमेकांशी बोलत नाहीत? हा शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण विचारावाच लागतो. नाहीतर ग्रुप फोटोत नेमके तेच दोघे शेजारी येतात. आजींचे गुडघे दुखतात हे आधी कळलं, तर त्यांचा फोटो पहिला होतो आणि त्या निवांत बसून राहतात. मुख्य विधी चालू असताना सगळ्यांच्या नजरा जोडप्यावर असतात. आमच्यातला एक जण तेव्हा वळून पहिल्या रांगेकडे बघत असतो. कुणाचा हात डोळ्यांकडे जाणार आहे, हे त्याला सकाळच्या गप्पांतूनच कळलेलं असतं.

(दृश्य : ग्रुप फोटोची तयारी. मागची रांग स्टुलांवर चढते.)

ग्रुप फोटो हा या दिवसाचा सगळ्यात कष्टाचा भाग. त्याला कमी लेखणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. मला ते पटत नाही. वीस वर्षांनी घरातले लोक जो फोटो शोधतात, तो हाच असतो.

फ्लॅश जवळ ठेवला तर पुढची रांग पांढरीफटक आणि मागची अंधारात. कारण अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. फ्लॅश मागे नेला की दोन रांगांमधला हा फरक कमी होतो. आणि मग पापण्या! माणूस दर काही सेकंदांनी डोळे मिटतोच. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पीअर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं होतं. वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागा. उजेड कमी असेल, तर दोनने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री. या कामाला 2006 मध्ये गणिताचं इग नोबेल मिळालं. ते बक्षीस आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आमच्यासाठी ते रोजच्या वापराचं आहे. पंधरा जण असतील तर पाच फोटो, अंधुक हॉलमध्ये सात-आठ.

(दृश्य : स्टुडिओ. पांढऱ्या पडद्यासमोर एक तरुण ताठ बसलेला.)

लग्नांच्या मधले दिवस साध्या कामांचे. पासपोर्टचे फोटो, ऑफिसातल्या माणसांचे चेहरे, कुणाच्या मालाचे फोटो. घर यांच्यावर चालतं.

आणि मग फोन येतो, "आमच्या कुत्र्याचे फोटो काढाल का?"

(दृश्य : जमिनीवर पालथा पडलेला फोटोग्राफर. कॅमेऱ्याची लेन्स हुंगणारं कुत्रं.)

पाळीव प्राण्याच्या घरी गेल्यावर आधी जमिनीवर बसायचं. कॅमेरा शेजारी ठेवून द्यायचा, त्याला तो हुंगू द्यायचा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं आणि पाय इवलेसे दिसतात. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो की तो कोण आहे, हे दिसायला लागतं. घरचे सगळे एकदम त्याच्या नावाने हाका मारत असतात. त्यांना हात जोडून थांबवायचं. दहा हाका ऐकलेला कुत्रा अकराव्या हाकेला बघत नाही. आवाज करणारं खेळणं खिशात असतं, पण तेही दोन-तीनदाच चालतं. म्हणून प्रकाश, फोकस, जागा, सगळं जमल्यावरच ते वाजवायचं. कान टवकारले, मान जराशी कलली, की आता.

पळत्या कुत्र्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. काळा कुत्रा असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. ते काळ्या कुत्र्याला उजळवून करडा करतं आणि पांढऱ्या मांजराला मळकट. काळ्यासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, आपण होऊन कमी करायचं, पांढऱ्यासाठी वाढवायचं. फ्लॅश शक्यतो नाहीच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. रात्री कमी उजेडात दिसावं म्हणून तो असतो. समोरून फ्लॅश पडला की तोच हिरवा-पिवळा चमकतो आणि डोळ्यांतली ओळख जाते.

मांजराच्या मागे लागून फोटो मिळत नाही. खिडकीजवळ उन्हाचा तुकडा कुठे पडतो, ते विचारायचं आणि तिथे जाऊन बसायचं. मांजर येतं. त्याच्याकडे बघून डोळे सावकाश बारीक करायचे, मिटायचे. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं की माणसाने असं केलं तर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अशा अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार असतात. मांजर पाळणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. आता कागदावर आलं.

एका बाबतीत मात्र मी अजिबात मागे हटत नाही. कुत्रा सारखी जीभ ओठांवरून फिरवतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतोय, शेपूट पोटाखाली घेतोय, तर तो घाबरलाय. मग त्याच्या गळ्यात बो बांधायचा कितीही हट्ट झाला तरी कॅमेरा खाली. लोकांना ही चिन्हं दाखवून दिली की त्यांना वाईट वाटतं, आणि पुढच्या वेळी तेच आम्हाला सांगतात, "थांबू या, दमलाय तो."

काही फोन दबक्या आवाजात येतात. कुत्रा म्हातारा झालाय, डॉक्टरांनी दिवस सांगितलेत. अशा वेळी आम्ही दुसरी कामं पुढे ढकलून जातो. त्याला कुठेही हलवत नाही. तोंडावर पिकलेले केस, पंजे, झिजलेली चटई, त्याच्या पाठीवर ठेवलेला घरच्या मुलाचा हात. या कामासाठी कितीही वेळ गेला तरी तो जास्त वाटत नाही.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धावणाऱ्या घोड्याची चौकटींची मालिका.)

सुरुवातीच्या फोटोग्राफीत हलणारं काही टिकतच नसे. 1838 मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसचा एक गजबजलेला रस्ता टिपला. फोटोला काही मिनिटं लागली, त्यामुळे चालती माणसं आणि गाड्या सगळ्या पुसल्या गेल्या. स्पष्ट दिसतात ते दोघंच, बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस आणि त्याचे बूट पुसणारा. पुढे 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि धावणाऱ्या घोड्याकडूनच, वाटेतल्या तारा ओढल्या जाऊन, ते चालवून घेतले. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात, हे त्यातून दिसलं. आणि तेही पाय फाकलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी कित्येक चित्रकारांनी उलटं रंगवलं होतं. प्राण्यांचे फोटो काढताना मला हे नेहमी आठवतं. रोज पाहिलेली गोष्टही आपण नीट पाहिलेली असतेच असं नाही.

(दृश्य : काळ्या कापडावर साबणाचा फुगा.)

नवलाच्या गोष्टींचं काम हे असं रोजच्या पाहण्यातूनच निघतं. विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी. 15 जानेवारी 1885 ला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. पुढे आयुष्यभरात त्याने असे पाच हजारांहून जास्त फोटो काढले. श्वास लागला तरी कण वितळणार, म्हणून थंडीतच, भराभर काम.

साबणाचा फुगा तर हातात घेऊन शिकावा असा. त्याच्यात सगळी खोली दोनदा दिसते : पुढच्या पृष्ठभागावर सुलटी, मागच्या पृष्ठभागावर उलटी. त्यामुळे आपला कॅमेरा, आपण, आपला दिवा, सगळं फोटोत येतं. ते लपवायला काळं कापड आणि मऊ प्रकाशाचा एक मोठा दिवा लागतो. फुग्याचं पाणी खाली उतरत जातं, वरचा पापुद्रा पातळ होतो, रंग सरकत खाली येतात. शेवटी वरच्या टोकाला काळा डाग उमटतो. तिथे पापुद्रा इतका पातळ झालेला असतो की परतणारा प्रकाश स्वतःलाच खोडून टाकतो. काळं दिसलं की फुगा आता फार टिकणार नाही. कान टवकारणाऱ्या कुत्र्यासाठी शिकलेली वाट बघणं इथे जसंच्या तसं कामाला येतं.

संग्राहक विचित्र वस्तू घेऊन येतात : चुकीचा ठसा पडलेली नाणी, दगडात उमटलेलं पान, एखादा न ओळखू येणारा किडा. त्यांचा फोटो सुंदर येण्याआधी खरा यायला हवा. शेजारी मोजपट्टी, एकाच बाजूने प्रकाश, आणि वस्तू कुठे होती ते दाखवणारा एक रुंद फोटो. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावात दोन मुलींनी पऱ्यांसोबत फोटो काढले. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या माणसाने ते खरे मानले. त्या कागदाच्या कापलेल्या पऱ्या टोपीच्या पिनांवर उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी 1983 मध्ये, म्हातारपणी, मान्य केलं. म्हणून आम्ही नवलाच्या फोटोची मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली काहीही न बदललेली नोंद, कधीच पुसत नाही. कुणी शंका घेतली तर ती दाखवता येते.

(दृश्य : रात्र. स्क्रीनवर फोटोंची जाळी. हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो.)

घरी आल्यावर आधी कॉपी, मग जेवण. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तोवर कार्ड कुणी हातात घ्यायचं नाही. मग निवड. हजारोंतून काहीशे उरतात. आम्हाला आवडलेला फोटो घरच्यांना आवडेलच असं नाही. प्रकाश उत्तम, मांडणी नेमकी असा फोटो बाजूला ठेवून ते किंचित हललेला फोटो उचलतात, कारण त्यात आत्या तिच्या नेहमीच्या पद्धतीने तोंडावर हात ठेवून हसतेय. तोच अल्बममध्ये जातो, आणि जायलाच हवा.

अल्बम द्यायला गेलो की आम्ही लगेच उठत नाही. ग्रुप फोटो उघडतो आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारतो, "काका, डावीकडून सांगा." ते एकेक नाव सांगतात, मध्येच अडतात, आतून कुणाला तरी हाक मारून विचारतात. आम्ही ती नावं तिथेच लॅपटॉपवर फाइलच्या आत, कॅप्शनच्या रकान्यात भरतो, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी नावं त्याच्यासोबत जातात. छापील फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहितो. कुत्र्याचं नावही लिहितो.