ग्राफिक्स कार्ड गेलं, असं म्हणायच्या आधी

नमस्कार मंडळी. आज विषय एकच घेतलाय, घरच्या कॉम्प्युटरचा डिस्प्ले गंडला की करायचं काय, आणि मुख्य म्हणजे कुठल्या क्रमाने करायचं. कारण होतं काय, स्क्रीन काळी झाली, गेम मधेच बंद पडला, आडव्यातिडव्या रेषा आल्या, की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात, एक तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, परत टाकतात नाहीतर सरळ दुकानात फोन लावून विचारतात की नवीन ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बनवणारा भाग, केवढ्याला पडेल. आणि कार्डांचे भाव तुम्हाला माहितीयेत. या दोन्हीच्या मधे बरंच काही करण्यासारखं आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं घरबसल्या एका स्क्रूड्रायव्हरवर होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, एरर मेसेजमधे ज्याचं नाव येतं त्याचाच दोष असतो असं नाही, तिथे काम अडकलं एवढंच त्यातून कळतं. नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण लगेच नळ बदलत नाही ना, आधी वर जाऊन टाकी बघतो, तसंच.

तर सगळ्यात पहिलं बघायचं ते हे, की बिघाड नेमका कधीपासून दिसतो. पॉवर बटण दाबलं की मदरबोर्डचा लोगो येतो, डिलीट की दाबली तर बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंगचं पान, उघडतं, त्या वेळी विंडोज सुरूच झालेलं नसतं, म्हणजे कार्डची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाचा किंवा एएमडीचा ड्रायव्हर अजून लोडच झालेला नाही. तेव्हाच जर स्क्रीनवर घाण दिसत असेल तर ड्रायव्हर दहा वेळा टाकून काही फरक पडणार नाही, तो तिथे नाहीच आहे. मी लोकांना सांगतो की बायोसमधे जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. व्हीरॅमची, म्हणजे कार्डच्या स्वतःच्या मेमरीची, चिप खराब असेल तर लोगोच्या काळ्या भागावर ठराविक अंतराने हिरवे-गुलाबी ठिपके दिसतात, उभ्या रांगेत, शिस्तीत, आणि बायोसमधल्या अक्षरांच्या जागी कुठेतरी भलतंच चिन्ह येतं. ठिपक्यांमधलं अंतर सारखं असणं हे महत्त्वाचं, कारण मेमरीतला एखादा भाग सडला की चूक त्याच त्याच पत्त्यावर परत परत होते. लूज केबलचा त्रास तसा नसतो, तिथे चांदण्या चमकल्यासारखं होतं, चित्र जातं-येतं, केबल हलवली की बदलतं.

आता विंडोज सुरू झाल्यावर रेषा येतायत असं समजा. तर स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. त्याच स्क्रीनवर बघून उपयोग नाही, मोबाईलवरच बघायचा. स्क्रीनशॉटमधे रेषा आल्या असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलंय, म्हणजे कार्डची चिप, व्हीरॅम नाहीतर ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर कार्डने चित्र नीट बनवलं होतं, गडबड त्याच्या पुढे झालीये, पोर्ट, केबल किंवा मॉनिटर. या एका मिनिटाच्या टेस्टने अर्धी शक्यता बाद होते, आणि खरं सांगतो, ही न करता कार्ड रिपेअरला पाठवलेलं बघितलं की जीव हळहळतो, कारण तिकडे महिना जातो आणि कार्ड ‘नो फॉल्ट’ म्हणून परत येतं.

दुसरी लगेच करायची गोष्ट, प्रोसेसरमधे ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा, मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि दोन दिवस वापरा, त्रास तसाच राहिला तर दोष कार्डाचा नाही. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी एफ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधे ५६०० सारख्यात नसतं, ५६००जी मधे असतं. आणि कार्ड लावलेलं असताना केबल चुकून मदरबोर्डलाच लावलेली नाही ना, तेही बघा, ‘नवीन पीसीवर गेम चालत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच निघतं.

आता ड्रायव्हरकडे येऊ. ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग अँड हॅज रिकव्हर्ड’ हा मेसेज तुम्ही पाहिलाच असेल. यामागे जे आहे त्याला टीडीआर, म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, म्हणतात, विंडोज व्हिस्टापासून आहे ते. विंडोज कार्डला काम देतं आणि २ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की कार्ड अडकलं असं धरून ड्रायव्हर रिसेट करतं, म्हणून स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. एका मिनिटात असं पाचपेक्षा जास्त वेळा झालं किंवा रिसेटच फसला तर मग निळी स्क्रीन, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर, आणि खाली एखाद्या फाईलचं नाव, एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीएलडीडीएमकेएम डॉट सिस. आणि लोक म्हणतात, बघा, ड्रायव्हरचं नाव आलं, ड्रायव्हरच खराब आहे! तसं नाहीये. कार्डला वीज कमी पडली तरी ते उत्तर देणार नाही, चिप तापून अडकली तरी देणार नाही, रॅमने चुकीचा डेटा दिला तरी देणार नाही, आणि प्रत्येक वेळी नाव ड्रायव्हरचंच येणार कारण विंडोज आणि कार्डच्या मधे तोच असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, जाऊन ते २ सेकंदाचे १० करा असा सल्ला सर्रास मिळतो. थ्रीडी रेंडरिंगसारखं एकेक मोठं काम कार्डवर टाकणाऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो, पण गेम खेळताना अडकणाऱ्याला त्याने फक्त दोनऐवजी दहा सेकंद अडकलेली स्क्रीन बघायला मिळते.

तरी ड्रायव्हर साफ करून घेणं चांगलंच, फक्त नीट करा. जो ड्रायव्हर टाकायचाय तो आधी डाउनलोड करून ठेवा, मग नेट बंद करा, लॅनची वायर काढा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण जुना ड्रायव्हर काढला रे काढला की विंडोज अपडेट गुपचूप स्वतःकडचा ड्रायव्हर आणून बसवतं आणि मग तुम्ही नेमकं काय टेस्ट करताय हेच कळत नाही. सेफ मोडमधे जा, जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं डीडीयू नावाचं फुकट टूल आहे ते चालवा, रीस्टार्ट करा. आता रेझोल्यूशन कमी दिसेल, डिव्हाइस मॅनेजरमधे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसेल, घाबरू नका. पण इथे एक फसगत होते. या अवस्थेत पीसी दिवसभर छान चालला म्हणून ‘म्हणजे कार्ड चांगलंय, ड्रायव्हरच वाईट’ असं ठरवू नका, कारण बेसिक ड्रायव्हर कार्डला काही काम देतच नाही, आजारी कार्डसुद्धा त्यात गप्प बसून राहतं. त्रास ज्या तारखेला सुरू झाला त्याच्या आधीचं व्हर्जन टाकून बघा, नुसतं लेटेस्ट नको. विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमधे तारखेवार दिसतं की काय कधी इन्स्टॉल झालं आणि क्रॅश कधीपासून सुरू झाले, ते मी सगळ्यात आधी उघडतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, ड्रायव्हर, केबल आणि बायोस सेटिंग एकदम बदललं आणि चालू झालं तर नेमकं कशामुळे चाललं ते कळणार नाही.

ड्रायव्हर खरोखर दोषी असतोच कधी कधी, ते नाकारत नाही. मार्च २०१० मधे एनव्हीडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला होता, त्यात फॅन कंट्रोलची गडबड होती आणि कार्डं तापत होती. नोव्हेंबर २०१५ मधे एएमडीच्या क्रिमसन ड्रायव्हरने काही कार्डांचा फॅन २० टक्क्यांवर अडकवून ठेवला, थोड्याच दिवसांत त्यांना दुरुस्ती काढावी लागली. म्हणून नवीन ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या दिवशी फॅन फिरतोय का आणि तापमान किती जातंय ते बघायची सवय लावा.

पण याच्या अगदी उलटं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२३-२४ मधे खूप जणांना अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या गेममधे ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ अशी एरर यायची. १६, २४ जीबी व्हीरॅम असलेल्या कार्डांवर! लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज फॉरमॅट केलं, काहींनी कार्ड बदलून घेतलं, एरर तशीच. दोष निघाला प्रोसेसरमधे. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या रेंजचे डेस्कटॉप प्रोसेसर, आय९-१३९००के, १४९००के वगैरे, जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत होते, आणि गेम सुरू होताना फाईली उलगडायचं जे काम प्रोसेसर करतो त्यात चुका करत होते. त्या चुकीचा शेवट कार्डाच्या दारात व्हायचा म्हणून नाव व्हिडिओ मेमरीचं. २०२४ च्या उन्हाळ्यात इंटेलने कारण मान्य केलं, मायक्रोकोडचं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं, अपडेट दिलं, वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी मदरबोर्डचं बायोस अपडेट केलं नसेल तर आज घरी गेल्यावर करा, कारण ते अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. रॅमचंही तसंच, बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, बंद करून बघा, रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं टूल लावा, मगच कार्डावर संशय घ्या.

आता पॉवर. माझ्या अनुभवात यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. कार्डला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरने आणखी ७५, ८ पिनच्याने १५०. पुण्याचा एक मुलगा आला होता, आर्किटेक्चरला आहे, रेंडर लावलं की काही मिनिटांत स्क्रीन काळी, फॅन फुल स्पीडने ओरडतो, पण आत गाणं चालूच राहतं. ब्राउझिंग, व्हिडिओ सगळं ठीक. ही खूण लक्षात ठेवा, लोड आला की काळी स्क्रीन आणि फॅन फुल म्हणजे आधी पॉवर तपासायची. कॅबिनेट उघडलं तर कार्डला दोन ८ पिन होते आणि दोन्ही एकाच वायरच्या दोन फाट्यांना लावलेले, म्हणजे स्लॉट सोडून उरलेला सगळा भार एका वायरवर. प्लगजवळचा प्लास्टिकचा भाग पिवळट पडलेला, हाताला गरम. एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून, दुसरी वायर आणून वेगवेगळ्या जोडल्या आणि रेंडर पूर्ण झालं. एसएमपीएस घेताना स्टिकरवरचा मोठा आकडा बघू नका, १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, गुणिले १२ केलं की खरे वॉट कळतात, कारण कार्ड १२ व्होल्टवरच जगतं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर महागडं कार्ड लावू नका, प्लीज. आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या वाड्यांत, चाळीत ते नावालाच असतं.

तापमानाबद्दल थोडं. खोलीचं तापमान वाढलं तेवढंच साधारण कार्डचं वाढतं, त्यामुळे डिसेंबरात ७० वर चालणारं कार्ड अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात ८५ च्या पुढे गेलं तर कार्ड बिघडलं असं नाही. साधं तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान, यातला फरक बघा, तो पूर्वीपेक्षा बराच वाढला असेल तर चिपवरची, उष्णता पुढे पोचवणारी पेस्ट वाळलीये. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची क्लिप आधी दाबा, ओढाताण केली की क्लिप तुटते, कधी स्लॉटही जातो. फॅनच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी, धूळ जमून जमून वाकळीसारखा जाड थर झालेला असतो, ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरागरा फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. कार्डच्या स्लॉटमधे जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका, परत बसवा. आपल्या कोकणातल्या दमट हवेत एवढ्यानेच मेलेली कार्डं उठतात.

ओव्हनमधे भाजण्याबद्दल नेहमी कोणीतरी विचारतं म्हणून आत्ताच सांगतो, करू नका. ही टूम निघाली ती २००८ च्या आसपास, तेव्हा एनव्हीडियाच्या बऱ्याच चिप, लॅपटॉपमधल्या खासकरून, चिप आणि तिच्या खालच्या पट्टीमधल्या बारीक जोडांत तडे जाऊन मरत होत्या, जुलै २००८ मधे कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तापवलं की तडा तात्पुरता जुळायचा, म्हणून काही आठवडे कार्ड चालायचं आणि परत मरायचं. शिवाय प्लास्टिकची वाफ ज्या ओव्हनमधे आपण जेवण करतो त्यात.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं, थांबलं तेव्हा रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण फॅन आणि थर्मल पॅड झिजलेले धरून चाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की ऑनलाइन कोणाकडून, समोर लावून घ्या, कार्डावर पूर्ण लोड टाकणारं फरमार्क १५-२० मिनिटं चालवा, ओसीसीटी या टूलची व्हीरॅम टेस्ट लावा, कार्डची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. बाजारात एनव्हीडियाची १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं आतून कितीतरी जुनी ५५० टीआय किंवा जीटीएस ४५० निघालीत, बायोस बदलून नाव तेवढं नवीन दिलेलं, जीपीयू-झेड अशांच्या नावापुढे फेक असं दाखवतं. १०५० टीआय वर व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथेच शंका घ्या, त्या पिढीच्या चिपमधे तो सिग्नलच नाही. विकणारा म्हणाला की पीसी आत्ता उपलब्ध नाही, घरी नेऊन बघा, तर पैसे खिशातच ठेवा.