‘द लंचबॉक्स’: नवऱ्याचं लफडं एका शर्टात उरकलंय

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. आज रितेश बत्राचा २०१३चा ‘द लंचबॉक्स’. शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, त्यामुळे पाहिला नसेल तर आधी पाहून या.

गोष्ट साधी. मुंबईत इलाचा डबा चुकून नवऱ्याऐवजी निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिसकडे (इरफान खान) पोचतो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. आपल्याकडे भंवरकुआंच्या होस्टेलात टिफिन बदलला तर फार तर भाजीवरून वाद होईल. इथे एक अख्खा संसार उघडा पडतो.

पहिल्या दिवशी डबा चाटूनपुसून परत येतो. इला खूश! रात्री नवरा म्हणतो, आलू-गोभी छान होती. गोभी तिने केलेलीच नसते. म्हणजे बघा, त्याची बाहेरची भानगड कळायच्या आधी आपल्याला हे कळतं की बायकोच्या हातची चव या माणसाला ओळखू येत नाही. माझ्या मते खरा आरोप तोच आहे. भानगड नंतर येते, धुवायला काढलेल्या शर्टाच्या वासातून. पाठलाग नाही, आदळआपट नाही. इला सांगते कुणाला? साजनला, चिठ्ठीतून.

आता इलाचं काय? परक्या पुरुषाला रोज मनातलं लिहायचं, त्याच्याबरोबर भूतानला जायची स्वप्नं बघायची. “नुसत्या चिठ्ठ्याच तर आहेत” म्हणून लोक तिला सोडवतात. मला नाही पटत. मन गेलंय तिचं, आणि बत्राने ते झाकलेलं नाही. तिला निर्दोष ठरवलं की उरते फक्त एक सोशिक बाई, आणि तशा बायका आपण सिनेमात भरपूर बघितल्यात.

वास पुन्हा येतो. इला आणि साजनची कॅफेत भेट ठरते, त्या दिवशी साजनला बाथरूममध्ये आजोबांचा वास येतो, आणि लक्षात येतं की तो आपलाच आहे. कॅफेत तो जातो, तिला वाट बघताना बघतो, पण ओळख देत नाही. हे तिला नंतर त्याच्या चिठ्ठीतून कळतं. इरफानने इथे किती कमी केलंय ते बघा.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी मात्र दिसतच नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज, आणि दोरीला बांधलेली टोपली! आमच्या लोकमान्य नगरात अशा दोन-तीन आहेत, फक्त त्या दिसतात. विनोद बाजूला, त्यांचा नवरा वर्षानुवर्षं कोमात आहे, आणि त्या त्याचं सगळं करतात.

पण मला सगळ्यात हादरवतो तो इलाच्या आईचा प्रसंग. नवरा नुकताच गेलाय, आणि ती म्हणते, भूक लागलीय. आजारपणात त्याची किळस यायची, हेही बोलून टाकते. लिलेट दुबे यांचं काम छोटं, पण स्वतःचं, देशपांडे आंटींचं आणि आता आईचं, अशा तीन लग्नांतलं हे तिसरं इला समोर बघतेय. घर सोडायचा तिचा पुढचा निर्णय मला तिथेच झालेला दिसतो.

साजन तिला शोधायला डबेवाल्यांबरोबर निघतो, भेट दाखवलेली नाही. आमच्या आईच्या मते तो पोचतो. माझ्या मते पोचला तरी इला साजनसाठी थांबणार नाही, मुलीला घेऊन निघेल.