जॉय डिव्हिजन : मँचेस्टरच्या चार पोरांची गोष्ट

नमस्कार मंडळी! विषय ऐकून मागच्या रांगेतून प्रश्न आलाच, की मंडळात इंग्रजांच्या बँडवर भाषण कशाला. अहो, आपली मुलं ज्या पांढऱ्या रेघांच्या डोंगराचा काळा टीशर्ट घालून हिंडतात ना तो त्यांच्या पहिल्या अल्बमचा, आणि आपण इथेच मँचेस्टरात राहतो, मग गावची गोष्ट माहीत नको?

तर ४ जून १९७६. पीटर स्ट्रीटवरचा फ्री ट्रेड हॉल, आता तिथे हॉटेल आहे, त्याच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये लंडनचा पंक बँड सेक्स पिस्टल्स वाजवायला आला. लोक जेमतेम चाळीसेक, पण तिथे होतो म्हणणारे आता हजारोंनी भेटतात! त्यात सॅल्फर्डचे दोन शाळासोबती खरंच होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. यांना जमतं तर आपल्याला का नाही, एवढंच डोक्यात घेऊन बाहेर पडले आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली, वाजवता येत नव्हती तरी. मग मॅकल्सफील्डचे दोघे आले, गायला इयान कर्टिस आणि ड्रम्सवर स्टीफन मॉरिस. आधी नाव वॉर्सॉ होतं, १९७८ च्या सुरुवातीला जॉय डिव्हिजन केलं. हे नाव नाझी छळछावण्यांमधल्या वेश्यागृहांवरच्या एका कादंबरीतून उचललेलं, त्यावरून त्यांना शिव्या बसल्या आणि माझ्या मते बसायलाच हव्या होत्या, वयाच्या विशीतला आगाऊपणा होता तो.

सगळे नोकऱ्या सांभाळून वाजवायचे. समनर कार्टूनच्या स्टुडिओत काम करायचा, इयान मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना कामं मिळवून द्यायचा. हुकचा अँप्लिफायर इतका भिकार की खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू यायचे नाहीत, म्हणून तो बेसवर वरच्या पट्टीत वाजवायला लागला आणि इयान म्हणाला, हेच छान वाटतंय, असंच वाजव. बेसवर चाल आणि गिटार मागे खरखरतेय, अशी उलटी मांडणी पैसे नव्हते म्हणून सापडली, आणि आज जगभरचे बँड तिची नक्कल करतात.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स' रेकॉर्ड केला. निर्माता मार्टिन हॅनेट, एकदम विक्षिप्त माणूस. त्याने मॉरिसला एकेक ड्रम वेगवेगळा वाजवायला लावला म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळायला नको, स्टुडिओच्या लिफ्टचा आवाज टेप केला, आणि एका गाण्यात तर मॉरिसला बंद खोलीत बसवून ठेक्यावर स्प्रेचा डबा फुसफुस करायला लावला, बिचारा गुदमरायचा राहिला. हुक आणि समनरला हे अजिबात आवडलं नव्हतं, आम्ही स्टेजवर दणदणीत वाजतो आणि याने सगळं थंडगार करून ठेवलं म्हणून. पण हॅनेटचंच बरोबर होतं. रिकाम्या गोदामात लांबून कोणीतरी गातंय असा तो आवाज, त्या काळच्या, गिरण्या-कारखाने बंद पडत चाललेल्या मँचेस्टरचा. आमच्या घरातली माणसं परळच्या गिरणीत होती, त्यामुळे मला तो जरा जास्तच कळतो असं मी उगाच मानतो.

आणि त्या टीशर्टवरच्या रेघा म्हणजे एका पल्सार ताऱ्याचे रेडिओ सिग्नल आहेत. खगोलशास्त्राच्या कोशातली आकृती समनरला सापडली, डिझायनर पीटर सॅव्हिलने ती काळ्यावर पांढरी केली आणि कव्हरवर पुढे बँडचं नावसुद्धा टाकलं नाही.

आता इयान. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनहून परत येताना गाडीत त्याला फिट आली, पुढच्या महिन्यात एपिलेप्सीचं निदान झालं. नोकरीत फिट येणाऱ्या एका मुलीला तो ओळखायचा, ती गेल्याचं कळल्यावर त्याने तिच्यावर गाणं लिहिलं होतं, आणि आता तेच दुखणं स्वतःला. औषधं जड, रात्री-बेरात्री प्रवास, घरात ताण, आणि कार्यक्रम कोणी थांबवले नाहीत. १८ मे १९८० ला, दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होता, त्याने आत्महत्या केली. वय २३. बरेच लोक बँडचा इतिहास इथेच संपवतात आणि त्या मरणाचीच आरती करतात, मला ते पटत नाही. बाकीचे तिघं तेव्हा काय म्हातारे होते का?

ते तिघं थांबले नाहीत. न्यू ऑर्डर नाव घेतलं, गिलियन गिल्बर्ट आली, आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' हे गाणं काढलं, जे बारा इंची सिंगल रेकॉर्डमध्ये सगळ्यात जास्त खपलं. त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स कंपनीच्या टोनी विल्सनचा कारभार असा, की कव्हरला भोकं पाडून कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखं केलेलं, ते इतकं महाग पडलं की सुरुवातीला प्रत्येक कॉपीमागे तोटा झाला म्हणतात! शिवाय न्यू ऑर्डर आणि फॅक्टरीचे पैसे हॅसिएंडा नावाच्या नाइटक्लबात, तो १९८२ च्या मे महिन्यात सुरू झाला (तिकडे मुंबईत तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता), गर्दी तुफान आणि गल्ला रिकामा. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली. लंडन रेकॉर्ड्स ती विकत घ्यायला आली होती, तेव्हा एक जुना कागद निघाला, त्यावर लिहिलेलं की सगळं संगीतकारांच्या मालकीचं, कंपनीचं काहीच नाही. म्हणजे विकायला फारसं काही नव्हतंच, आणि मग लंडन रेकॉर्ड्सने सरळ बँडशीच करार केला.