रीबस: एकट्याची साक्ष

(दृश्य: संध्याकाळचा यंग स्ट्रीट. अरुंद दार, आत पिवळा उजेड.)

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या यंग स्ट्रीटवरचा हा ऑक्सफर्ड बार. पब खरा आहे, पण त्याचं सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक कादंबरीतलं. डिटेक्टिव्ह जॉन रीबस. माजी सैनिक, घटस्फोटित, दारू आणि सिगारेट दोन्हींशी घट्ट मैत्री. वरिष्ठांशी मात्र कधीच पटलं नाही.

लेखक इयन रँकिन फाइफ परगण्यातल्या कार्डेन्डेनचा. एडिनबरा विद्यापीठात कादंबरीकार म्युरियल स्पार्कवर प्रबंध लिहायला बसला आणि लिहू लागला कादंबरी. राहायला मार्चमंट भागात, आर्डन स्ट्रीटवर. त्याने आपल्या नायकालाही समोरच्याच बाजूला बिऱ्हाड थाटून दिलं. नाव दिलं रीबस, म्हणजे चित्रकोडं. माहिती घ्यायला तो लीथच्या पोलीस ठाण्यात गेला. त्याचं कथानक तिथल्या एका चालू तपासाशी इतकं जुळलं, की काही काळ लेखकच संशयित ठरला! ती कादंबरी, ‘नॉट्स अँड क्रॉसेस’, 1987 मध्ये आली.

हेकट पोलीस अधिकारी रहस्यकथांना नवा नाही. वरिष्ठांचं ऐकायचं नाही, एकट्यानेच तपास करायचा आणि शेवटी खरं ठरायचं, हा साचा आपल्याला पाठ आहे. रीबस वेगळा वाटतो तो स्कॉटलंडच्या कायद्यामुळे. हा कायदा इंग्लंडहून निराळा. इथे फौजदारी खटल्यात एकाच साक्षीवर गुन्हा शाबीत होत नाही. मुख्य मुद्द्यांना दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो. म्हणून जबाब घ्यायला पोलीस शक्यतो जोडीने जातात. आणि रीबस? तो मध्यरात्री एकटाच संशयिताचं दार ठोठावतो. दुसऱ्या एखाद्या देशात ही बंडखोरी शोभून दिसली असती. इथे ती त्याच्याच खटल्याला भोक पाडते. त्याला गुन्हेगाराच्या तोंडून खरं कळेलही, पण ते न्यायालयात टिकेल कसं?

(दृश्य: जुन्या फाइली, टेबललँपचा उजेड.)

पण दोघांचा नियम म्हणजे सत्याची हमी नव्हे. दोन पोलिसांनी आपसांत गोष्ट जुळवली, की कागदावर सगळं चोख. 1997 ची ‘ब्लॅक अँड ब्लू’ याच दुखण्यावर बोट ठेवते. वरवर ती बायबल जॉनची कथा आहे. 1968 आणि 1969 मध्ये ग्लासगोत तीन स्त्रियांचे खून झाले. वर्तमानपत्रांनी खुन्याला हे नाव दिलं, तो कधीच सापडला नाही. कादंबरीत त्याची नक्कल करणारा एक खुनी येतो. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते दुसरं कथानक. एका जुन्या प्रकरणात रीबस आपल्या वरिष्ठाच्या पाठीशी उभा राहिला होता, आणि आता त्याच प्रकरणाची चौकशी लागली आहे. एरवी कुणाचं न ऐकणारा हा माणूस नको तिथे निष्ठावान निघाला. या कादंबरीला रहस्यकथांसाठीचा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार, गोल्ड डॅगर, मिळाला.

1993 मध्ये कादंबऱ्यांच्या या मालिकेत शिवॉन क्लार्क ही पोलीस अधिकारी आली. कनिष्ठ, नियम पाळणारी, आणि तरीही त्याच्याकडे ओढली जाणारी. त्याला खरं तर अशीच दुसरी साक्ष हवी होती. फरक इतकाच, की ती खोटी साक्ष देणाऱ्यांतली नाही.

आणखी एक. रीबसचं वय थांबत नाही. स्कॉटलंडची नवी संसद, 2005 ची जी-8 या आठ बड्या देशांची परिषद, सगळं त्याच्या आयुष्यात येऊन जातं. 2007 च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये साठी गाठली आणि नोकरी संपली. 2012 मध्ये तो परतला, पण हुद्दा नाही, अधिकार नाही, नुसत्या बंद पडलेल्या प्रकरणांच्या फाइली. पुढच्याच वर्षी पुन्हा नोकरीत, पण सार्जंट म्हणून, म्हणजे 1987 मध्ये होता त्याच हुद्द्यावर. आणि शिवॉन आता इन्स्पेक्टर. त्याने तिला रिपोर्ट द्यायचा!

(दृश्य: कोठडीचं दार बंद होतं. आवाज.)

2024 ची ‘मिडनाइट अँड ब्लू’. एडिनबराच्या तुरुंगात, कुलूपबंद कोठडीत एका कैद्याचा खून होतो. रीबस तिथेच आहे. यावेळी मात्र तो गजांच्या आतल्या बाजूला आहे. कशासाठी, ते ज्यांनी अजून वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. तो कैद्यांशी बोलू लागतो, हळूहळू, एकेकाशी. सगळे त्याला पोलीस म्हणून ओळखतात.