रक्त परतल्यानंतरचे हृदय

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, की बाहेर ताटकळलेले नातेवाईक विचारतात, ‘ब्लॉकेज निघाला ना? म्हणजे हृदय आता पहिल्यासारखे झाले ना?’ पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येते. दुसऱ्याचे उत्तर मिळायला काही आठवडे जावे लागतात, आणि आज मला त्या आठवड्यांविषयीच बोलायचे आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली तरी तिच्यावर पोसला जाणारा स्नायू एकाच क्षणी मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की मृत्यू हृदयभिंतीच्या आतल्या थरात सुरू होतो आणि तेथून बाहेरच्या थराकडे सरकत जातो. ४० मिनिटांनी रक्त परत सोडले तेव्हा सुमारे ३८ टक्के, ३ तासांनी ५७ टक्के आणि ६ तासांनी ७१ टक्के स्नायू मेलेला आढळला. माणसात हा वेग व्यक्तीनुसार बदलतो, परंतु दिशा तीच असते. त्यात मुंबईची संध्याकाळची वाहतूक, आणि त्याआधी ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घरीच घालवलेला वेळ! निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात ती याच कारणाने.

मेलेला स्नायू मात्र परतलेल्या रक्तानेही जिवंत होत नाही. प्रौढ हृदयात नव्या स्नायूपेशी वर्षाला फार तर एक टक्का तयार होतात, त्यामुळे ती जागा शेवटी कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या व्रणानेच भरते. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मृत पेशींचा निचरा करणारे मॅक्रोफेज आणि त्यामागून कोलॅजन विणणारे फायब्रोब्लास्ट; व्रण घट्ट व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. रोहिणी बंदच राहिली, तर या पेशींना कडेकडेने आत शिरावे लागते. ती उघडली, तर त्या रक्ताबरोबर थेट जखमेच्या गाभ्यात पोहोचतात, निचरा लवकर होतो आणि बाहेरच्या थरात वाचलेला स्नायूचा पट्टा भिंतीला आधार देतो. म्हणूनच भिंत पातळ होऊन फुगण्याचा धोका कमी होतो. स्टेंटचा हा लाभ इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालातील एका आकड्यात मावत नाही, आणि मला वाटते, म्हणूनच त्याची चर्चा कमी होते.

परतणारे रक्त इजाही करते. प्राणवायू अचानक मिळताच पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) तयार होतात आणि काठावर तग धरून असलेल्या काही पेशी तेव्हाच मरतात. कधी मोठी रोहिणी मोकळी होऊनही सूक्ष्म केशवाहिन्या बंदच राहतात. कधी स्नायूत रक्तस्राव होतो, त्यातले लोह मागे उरते आणि दाह रेंगाळतो. ही इजा टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध वापरून पाहिले, दंडाला पट्टा आवळून-सोडून हृदयाला दुरूनच संरक्षण देण्याचा प्रयोगही केला; २०१५ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दोन्ही निष्फळ ठरले. प्राण्यांतील यशावर आमच्या क्षेत्राने जरा घाईनेच विश्वास ठेवला, असे माझे मत आहे.

जिवंत राहिलेला स्नायूही काही दिवस, कधी काही आठवडे, बधिर असतो, म्हणजे नीट आकुंचन पावत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या इकोत पंपिंग (प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर फेकले जाते) ३५ टक्के दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. छातीत डिफिब्रिलेटर (जीवघेणी लय विजेच्या झटक्याने थांबवणारे यंत्र) बसवण्याचा निर्णयदेखील सहसा किमान ४० दिवस थांबून, पुन्हा तपासणी करूनच घेतला जातो.

मग उशिरा का होईना, रोहिणी उघडलेली बरी, असे आपण म्हणाल. एके काळी आम्हीही तसेच मानत होतो. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांनीही रोहिणी पूर्ण बंद असलेल्या दोन हजारांहून अधिक स्थिर रुग्णांचा अभ्यास झाला; त्यांतील निम्म्यांची रोहिणी उघडली, तर निम्म्यांना केवळ औषधे दिली होती. मृत्यू, पुन्हा झटका वा हृदयाची अकार्यक्षमता यांत रोहिणी उघडण्याचा लाभ दिसला नाही. म्हणून पाचव्या दिवशी आलेल्या, छातीत दुखत नसलेल्या रुग्णाला स्टेंट नाकारला, तर ती हयगय समजू नये. त्या वेळी भिंतीवरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या नियमित चालू राहणे त्याच्या व्रणासाठी अधिक मोलाचे असते.