खाज सुटली म्हणजे बुरशीच असं नाही

अंगावरून पांढरं जातंय आणि खाज सुटते, एवढं पेशंटनं सांगितलं की आपला डॉक्टरांचा हात फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी लिहायला सरसावतो. पुष्कळदा ते लागूही पडतं, आणि तिथेच गोम आहे. लागू पडत नाही तेव्हा ती बाई आपल्याकडे परत येईलच असं नाही. आपली समजूत मात्र पक्की होत जाते.

अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं, तर निव्वळ कॅन्डिडा (म्हणजे ही बुरशी) जेमतेम एक तृतीयांश जणींमध्ये सापडला. बाकीच्यांपैकी काहींना बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं) होता, काहींना मिश्र संसर्ग, आणि काहींना तर काहीच नव्हतं. पूर्वी डॉक्टरांनी हेच निदान केलेल्या बायकांचा अंदाजही फारसा बरोबर नव्हता. यावरून बायकांना नावं ठेवू नका. न तपासता औषध लिहिणारे आपणही त्याच पंक्तीत बसतो.

लक्षणांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. खाज अजिबात नसेल तर कॅन्डिडाची शक्यता बरीच घटते. स्रावाला मासळीसारखा वास असेल तर दुसरं कारण शोधा. पण पुस्तकातला तो दह्याच्या गाठींसारखा स्राव? असला तर उत्तम, पण कित्येकींना पातळच जातं, किंवा जातच नाही. नुसती लाली, सूज, बारीक चिरा आणि त्वचेला लघवी लागली की बाहेरून होणारी आग, एवढंच असतं. ती आग ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून खपते, हे तर रोजचं.

म्हणून पीएच पट्टी (स्रावाची आम्लता दाखवणारा कागद) टेबलावर ठेवा. मिनिटाचं काम आहे. स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा, गर्भाशयमुखाजवळून नाही. रक्त किंवा वीर्य मिसळलं तर आकडा फसवा येतो. कॅन्डिडात पीएच सहसा ४.५ च्या आतच राहतो. त्याच्या वर गेला तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनास (संभोगातून पसरणारा एकपेशीय परजीवी) मनात आणा. पाळी गेलेल्या बाईत पीएच तसाही चढलेला असतो, आणि मधुमेह किंवा इस्ट्रोजेनचे उपचार नसतील तर तिच्यात कॅन्डिडा कमीच आढळतो.

मायक्रोस्कोप असेल तर स्रावाचे दोन थेंब: एक सलाइनमध्ये, एक १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). केओएचमुळे पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू, कळ्या फुटलेल्या यीस्ट पेशी उठून दिसतात. सलाइनची स्लाइड लगेच बघा; ट्रायकोमोनासची हालचाल फार वेळ टिकत नाही. आणि स्लाइड कोरी आली म्हणून निश्चिंत होऊ नका. खरोखर कॅन्डिडा असलेल्यांपैकीही बऱ्याच जणी या तपासणीतून निसटतात. कॅन्डिडाच्या ग्लॅब्राटा जातीला तर तंतूच नसतात.

मग सगळ्यांचं कल्चर (लॅबमध्ये स्रावातले जंतू वाढवून बघणं) करावं का? नको. लक्षणं नसलेल्या १० ते २० टक्के बायकांच्या योनीतही कॅन्डिडा असतोच. रिपोर्टवर नाव छापून आलं की उपचार करण्याचा मोह होतो, आणि तो आवरणं फार अवघड. लक्षणं तशीच आहेत पण स्लाइड कोरी आहे, त्रास पुन्हापुन्हा उलटतोय, किंवा औषधानं फरक नाही, तेव्हा कल्चर पाठवा आणि जात कोणती ते विचारा. ग्लॅब्राटावर फ्लुकोनॅझोल पुष्कळदा पुरं पडत नाही. गरोदर बाईला मात्र पोटातून फ्लुकोनॅझोल नको. तिला ७ दिवस योनीत वापरायचं औषध द्या.

वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झालं तर साखर तपासा, औषधांची यादी विचारा. अँटिबायोटिक आपण आठवणीनं विचारतो. एसजीएलटी-२ गटाच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र निसटतात, आणि त्यांनी लघवीतली साखर वाढून हाच त्रास होतो.

औषधानं बरं वाटलं नाही म्हणून आली, तर दुसरी गोळी लिहिण्याआधी तिला तपासणीच्या टेबलावर घ्या. चांगल्या उजेडात योनीमुखाची त्वचा पाहा. पांढुरके, पातळ पडलेले चट्टे दिसले तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो, आणि शंका राहिली तर बायोप्सी लागते. साबण, पॅड, वाइप्स, कुणीतरी दिलेलं स्टेरॉइडचं मलम, हेही विचारा. खाज यांच्यामुळेही तशीच सुटते.